स्वरांची ओळ आणि काळाची ओळ : टीबी-३०३ च्या सीक्वेन्सरवर पॅटर्न लिहिण्याची रीत

नवरात्राला दोन महिने अवकाश असताना, गरब्याच्या एका मंडळीत कीबोर्ड वाजवणारा शेजारचा मुलगा एक लहानसे रुपेरी यंत्र घेऊन वडोदऱ्याच्या रावपुऱ्यातील माझ्या खोलीवर आला आणि म्हणाला, "काका, याला स्वर कळतात, पण ताल कळत नाही." भूपातील १६ मात्रांची एक ओळ त्याने यंत्रात भरली होती. जिथे थांबायचे होते तिथेही त्याने आधीचाच स्वर पुन्हा दाबून ठेवला होता, कारण मात्रेचे घर रिकामे कसे सोडायचे हे त्याला कुणी सांगितले नव्हते. ओळ वाजवली तेव्हा सुरुवातीचा सा बरोबर आला, दुसरा स्वर रे असायचा तिथे पुन्हा सा आला, आणि शेवटचे ६ स्वर तर ऐकूच आले नाहीत. यंत्र बिघडलेले नव्हते. त्याने स्वर आणि काळ एकाच ओळीत लिहिले होते, आणि हे यंत्र त्या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ओळींत ठेवते.

हे यंत्र म्हणजे रोलँड या जपानी कंपनीच्या टीबी-३०३ ची नक्कल होती. टीबी-३०३ हे बासचे, म्हणजे खालच्या पट्टीचे, स्वर काढणारे यंत्र, आणि लिहून ठेवलेली ओळ, म्हणजे पॅटर्न, पुन्हा पुन्हा वाजवणारा सीक्वेन्सर त्यातच असतो. तादाओ किकुमोतो यांनी रचलेले मूळ टीबी-३०३ १९८० च्या दशकाच्या आरंभी बाजारात आले आणि १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बासची साथ मिळावी हा त्याचा मूळ हेतू होता, आणि तालासाठी टीआर-६०६ हे त्याचे जोडीदार यंत्र होते. तो हेतू फारसा साधला नाही, त्याची कीर्ती पुढे नृत्यसंगीतात झाली. तो इतिहास इथे सांगत बसत नाही. मूळ यंत्र आज सहजासहजी हाती लागत नाही, परंतु रोलँडचेच २०१६ चे टीबी-०३ आणि बेहरिंगरचे २०१९ चे टीडी-३ यांत स्वर आणि काळ वेगवेगळे लिहिण्याची जुनी रीत राखलेली आहे. बटणांची नावे आणि जागा थोड्या बदलतात, म्हणून खाली जे लिहिले आहे ते मूळ यंत्राला धरून लिहिले आहे.

वडोदऱ्यातील वाचकाला ही रीत समजायला तशी अडचण पडू नये. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये इथे गायनशाळा सुरू केली आणि स्वर कागदावर उतरवून शिकवण्याचा आग्रह धरला. १९१६ मध्ये भातखंड्यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही याच शहरात. त्यामुळे इथल्या अनेक मराठी घरांत आजी-आजोबांची स्वरलिपीची एखादी तरी जुनी वही सापडते. अशी वही उघडून पाहावी. तिच्यात स्वराचे अक्षर असते, मंद्र सप्तकासाठी खाली बिंदू, तार सप्तकासाठी वर बिंदू, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, आणि स्वर लांबवायचा असेल तिथे आडवी लहान रेघ. स्वर कोणत्या मात्रेवर येतो हे मात्र निराळे लिहावे लागत नाही, कारण ओळीतील त्याची जागा हीच त्याची मात्रा असते. वहीत स्वर आणि काळ एकमेकांत असे विणलेले असतात, आणि टीबी-३०३ नेमकी तीच वीण उसवते.

पंगतीचे उदाहरण घेतले तर हे लगेच ध्यानात येते. वाढप्याच्या ताटात लाडू क्रमाने लावलेले आहेत आणि समोर १६ पाटांची पंगत आहे. वाढपी पहिल्या पाटापासून निघतो. पाटावर माणूस बसलेला असेल तर ताटातील पुढचा लाडू त्याच्या पानावर पडतो. पाट रिकामा असेल तर काहीच पडत नाही, आणि तो लाडू ताटातच राहून पुढच्या माणसाला मिळतो. एखादे धिप्पाड गृहस्थ दोन पाट अडवून बसले असतील तर दोन पाटांसाठी मिळून लाडू एकच. टीबी-३०३ मध्ये ताट म्हणजे स्वरांची ओळ आणि पंगत म्हणजे काळाची ओळ. बसलेला माणूस हा नवा स्वर, रिकामा पाट हा रेस्ट आणि धिप्पाड गृहस्थांनी अडवलेला दुसरा पाट हा टाय. शेजारच्या मुलाने रिकाम्या पाटांसाठीही ताटात लाडू ठेवले होते, आणि ते पुढच्या माणसांच्या पानांत पडत गेले.

आता प्रत्यक्ष ओळ घेऊ. आपल्याला जे वाजवायचे आहे ते आधी वहीत एकत्र लिहावे आणि मगच यंत्राला हात लावावा. ही पायरी वगळणारा माणूस पुढे दुप्पट वेळ घालवतो असा माझा अनुभव आहे. त्रितालाच्या ४ विभागांत बसवलेली भूपाची ही साधी ओळ पाहा. यात आडवी रेघ म्हणजे लांबवलेला स्वर आणि शून्य म्हणजे शांतता असे मानले आहे.

सा – रे ग | प – ग ० | ध – प ग | रे ० सा –

आता हिच्यातून दोन ओळी वेगळ्या काढायच्या. पहिल्या ओळीत फक्त स्वर, ओळीने, मधल्या रेघा आणि शून्ये गाळून:

सा रे ग प ग ध प ग रे सा

दुसऱ्या ओळीत फक्त काळ, स्वराच्या नावाशिवाय. भरीव ठिपका म्हणजे नवा स्वर:

● – ● ● | ● – ● ० | ● – ● ● | ● ० ● –

मोजून पाहावे. पहिल्या ओळीत १० स्वर आहेत. दुसऱ्या ओळीत १६ घरे आहेत, त्यांपैकी १० ठिपके, ४ रेघा आणि २ शून्ये. ठिपक्यांची संख्या स्वरांच्या संख्येइतकी असलीच पाहिजे, आणि यंत्राला हात लावण्यापूर्वी करायची तपासणी एवढीच आहे. ठिपके कमी पडले तर शेवटचे स्वर कधीच वाजत नाहीत. ठिपके जास्त झाले तर यंत्र स्वरांच्या पुढच्या घरात आधीपासून जे काही पडून असेल ते उचलून वाजवते, आणि तो स्वर भूपातलाच असेल अशी खात्री कुणी देऊ शकत नाही.

यंत्रावरील क्रम असा आहे. यंत्र थांबलेले असताना मोड निवडण्याचा गोल खटका पॅटर्न राईटवर आणावा. मग पॅटर्नची जागा निवडावी. ४ गट, प्रत्येक गटात अ आणि ब असे दोन भाग व प्रत्येक भागात ८ पॅटर्न, अशा एकूण ६४ जागा आहेत. निवडलेल्या जागेवर जुने काही असेल तर पॅटर्न क्लिअरचे बटण धरून त्या पॅटर्नच्या आकड्याची कळ दाबावी, म्हणजे ती जागा पुसली जाते. जागा न पुसता जुन्यावरच नवे लिहिता येते खरे, परंतु मग आधीच्या खुणा, विशेषतः जुने अॅक्सेंट (स्वरावरील जोराच्या खुणा), भलत्या ठिकाणी डोके वर काढतात आणि चूक आपली की यंत्राची हे कळेनासे होते.

यानंतर पिच मोडचे बटण दाबावे. खालच्या बाजूला एका सप्तकाची १३ बटणांची पट्टी आहे. सर्वांत डावीकडील बटणाला सा मानले तर सर्वांत उजवीकडील बटण तार सा ठरते. काळी बटणे डावीकडून उजवीकडे अनुक्रमे कोमल रे, कोमल ग, तीव्र म, कोमल ध आणि कोमल नि. वरची स्वरांची ओळ एकेक करून दाबावी: सा, रे, ग, प, ग, ध, प, ग, रे, सा. इथे लय धरण्याची काहीच गरज नाही. दोन स्वरांच्या मध्ये चहा पिऊन आले तरी यंत्राला फरक पडत नाही, कारण या क्षणी ते काळ ऐकतच नाही. संगीत शिकलेल्या माणसाला ही गोष्ट जड जाते. त्याचा हात आपोआप लांब स्वर लांब धरतो आणि थांबण्याच्या जागी थांबतो, आणि आपण काळही भरला असा त्याचा समज होतो. १० स्वर झाले की फंक्शनचे बटण दाबून पिच मोडमधून बाहेर यावे.

आता टाइम मोड. इथे स्वरांची पट्टी निरुपयोगी होते आणि एरवी सप्तक व अॅक्सेंट यांची कामे करणारी तीन बटणे वेगळी भूमिका घेतात: एक नवा स्वर, दुसरे टाय, तिसरे रेस्ट. कोणते कशाचे हे बटणाजवळच्या खुणेवरून ओळखता येते. वहीतील दुसरी ओळ डावीकडून उजवीकडे वाचत ही तीन बटणे दाबत जावे: स्वर, टाय, स्वर, स्वर; स्वर, टाय, स्वर, रेस्ट; स्वर, टाय, स्वर, स्वर; स्वर, रेस्ट, स्वर, टाय. प्रत्येक विभागाशी थांबून बोट वहीवर ठेवावे. सोळावे घर भरले की टाइम मोड आपला आपण संपतो. तो तुमच्या आधी संपला किंवा तुमचे संपूनही त्याचा दिवा तसाच राहिला, तर मोजणीत चूक झाली हे तिथल्या तिथे कळते. मग रन दाबावे आणि ऐकावे.

बटणांच्या ऐवजी ठेक्याप्रमाणे टॅपचे बटण वाजवूनही काळ भरता येतो. ज्यांचा हात तालात पक्का आहे त्यांना ते सोपे वाटेल, मला मात्र वहीवरून भरणेच बरे वाटते, कारण टॅप करताना रेस्ट आणि टाय यांतील फरक बोटांतून नीट उतरत नाही.

या फरकावर थोडे थांबणे भाग आहे. टीबी-३०३ मधील साधा स्वर आपल्या घराच्या जवळपास निम्म्यात मिटतो. उरलेला निम्मा भाग आपोआप शांत असतो. म्हणून लागोपाठ चार ठिपके दिले तरी चार स्वर एकमेकांना चिकटत नाहीत, ते सुटे, टिचकी मारल्यासारखे ऐकू येतात. टाय दिला की स्वर पहिले घर पूर्ण भरून दुसऱ्यात उतरतो आणि तिथे मिटतो. रेस्ट दिला तर आधीचा स्वर नेहमीप्रमाणे निम्म्यात मिटतो आणि पुढचे सबंध घर रिकामे जाते. आपल्या ओळीत दुसऱ्या मात्रेवर टायऐवजी रेस्ट दिला तर स्वरांचा क्रम बिघडत नाही, कारण लाडू दोन्ही वेळा ताटातच राहतो. बिघडतो तो भाव. ठेहरावाच्या जागी तुटकपणा येतो. याउलट तिसऱ्या मात्रेवर चुकून टाय पडला तर रे चौथ्या मात्रेवर जातो, ग पाचव्यावर, प सातव्यावर आणि सगळी पंगत एका लाडवाने मागे पडते. शेवटचा सा वाजतच नाही, आणि पॅटर्न पुन्हा पहिल्या घरावर आला की यंत्र स्वरांच्या ओळीतही पहिल्या स्वरावर परतते. चूक कानाला दुसऱ्या-तिसऱ्या विभागात खटकते, पण तिचे मूळ पहिल्याच विभागात असते. म्हणून ओळ चुकली की खटकलेल्या जागेपासून मागे जात शोधावे.

एखादा स्वर चुकला असेल तर तो नेमका गाठून बदलण्याच्या युक्त्या आहेत, पण १० स्वर पुन्हा दाबायला अर्धे मिनिट लागते आणि नव्या माणसाने तेच करावे. काळ चुकला तर फक्त टाइम मोड पुन्हा भरावा. स्वरांना हात लावू नये. दोन ओळी वेगळ्या असण्याचा पहिला फायदा हाच.

दुसरा फायदा याहून मोठा आहे. त्याच १० स्वरांवर काळाची दुसरी ओळ टाकून पाहावी:

● ० ● ● | ० ● ● – | ● ० ● ● | – ● ● –

ठिपके पुन्हा १० च आहेत, म्हणून एकही स्वर गळत नाही, पण प आता पाचव्या मात्रेवरून सहाव्यावर सरकतो, रे चौदाव्यावर जातो आणि ओळीचा तोल पार बदलतो. गाताना हे करायचे तर बंदिशीचे वजन बदलून पुन्हा बसवावे लागते. इथे १६ बटणे दाबली की काम होते. उलट, काळाची ओळ तशीच ठेवून भूपाच्या जागी दुर्गाचे १० स्वर भरले तर चाल निराळी आणि ठसा तोच. बऱ्याच वेळा हाताने वाजवताना जे सुचले नसते ते या अदलाबदलीतून हाती लागते, आणि माझ्या मते या जुन्या, चिकट वाटणाऱ्या पद्धतीत अजूनही लोकांना रस आहे तो यामुळेच.

आता सप्तक, अॅक्सेंट आणि स्लाइड. या तिन्ही खुणा स्वरांच्या ओळीत राहतात. पुन्हा पिच मोडमध्ये जावे आणि टॅपचे बटण दाबत एकेका स्वरावरून पुढे सरकावे. हव्या त्या स्वरावर टॅप दाबूनच ठेवावे, म्हणजे तो स्वर ऐकू येत राहतो, आणि त्याच वेळी अप, डाउन, अॅक्सेंट किंवा स्लाइड यांपैकी हवे ते बटण दाबावे. डाउन म्हणजे वहीतील खालचा बिंदू, अप म्हणजे वरचा.

अॅक्सेंटने स्वर नुसता मोठा होत नाही, त्याचा आवाज अधिक उघडा आणि टोकदार होतो, आणि रेझोनन्स (आवाजाची धार) वाढवलेला असेल तर लागोपाठचे अॅक्सेंट एकावर एक चढत जातात. त्रितालाच्या अंगाने पाहिले तर समेवर, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर, म्हणजे टाळीच्या तीन जागांवर तो द्यावा आणि नवव्या मात्रेवरील खालीला देऊ नये, असे सुचते. पण अॅक्सेंट मात्रेला चिकटत नाही, स्वराला चिकटतो. आपल्या पहिल्या ओळीत पाचव्या मात्रेवर चौथा स्वर प आहे आणि तेराव्या मात्रेवर नववा स्वर रे आहे, म्हणून पहिल्या, चौथ्या आणि नवव्या स्वरावर खूण करावी. नंतर काळाची दुसरी ओळ टाकली तर त्याच खुणा पहिल्या, सहाव्या आणि चौदाव्या मात्रेवर जाऊन बसतात आणि टाळी चुकल्यासारखी वाटते. काळ बदलला की अॅक्सेंट पुन्हा तपासावेत. हे न करता यंत्राला दोष देणारे मी पाहिले आहेत, आणि पहिल्या वर्षी त्यांत मीही होतो.

स्लाइडला आपण मींड म्हणू शकतो, पण हातचे राखून. खूण ज्या स्वरावर केली त्या स्वरापासून पुढच्या स्वराकडे घसरण होते आणि मध्ये आवाज तुटत नाही. म्हणजे ध वरून प वर उतरायचे असेल तर खूण ध वर, सहाव्या स्वरावर, करावी, प वर नाही. आपल्या ओळीत ध नवव्या आणि दहाव्या घरात टिकतो आणि अकराव्या घराच्या आरंभी प कडे सरकतो. या घसरणीचा वेळ ठरलेला आणि थोडा असतो. लय विलंबित केली तरी मींड लांबत नाही, ती झटकन संपते आणि स्वर पुढे सरळ उभा राहतो. कण, आंदोलन, खटका यांची अपेक्षा या यंत्राकडून करू नये. तरीही, १९८२ साली मुंबईतील चित्रपटसृष्टीत वाजवणारे चरणजित सिंग यांनी टीबी-३०३, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि जुपिटर-८ हा सिंथेसायझर एवढ्या सामग्रीवर राग वाजवून ध्वनिमुद्रित केले, तेव्हा त्या रागांना चाल मिळाली ती बरीचशी या स्लाइडमुळे.

लयीचा हिशोबही एकदा करून ठेवावा. यंत्राच्या दृष्टीने एका ठोक्यात ४ घरे असतात, आपण मात्र एका घराला एक मात्रा मानले आहे. त्यामुळे यंत्राचा वेग मिनिटाला ६० ठोके असेल तर मात्रा मिनिटाला २४० होतात आणि १६ घरांचे आवर्तन ४ सेकंदांत पुरे होते. वेग १२० केला तर तेच २ सेकंदांत. यंत्राचा ओढा असा मुळातच द्रुताकडे आहे. मध्यलय हवी असेल तर एका मात्रेला २ घरे द्यावीत, म्हणजे एका पॅटर्नमध्ये अर्धेच आवर्तन मावेल आणि उरलेले पुढच्या पॅटर्नमध्ये लिहावे लागेल.

त्याच काळातील इतर काही यंत्रे ही दोन ओळींची रीत पाळत नाहीत, आणि एकावरून दुसऱ्यावर जाणाऱ्याची तिथे फसगत होते. रोलँडच्याच १९८२ च्या एसएच-१०१ वर लोड दाबून सरळ कळा वाजवाव्या लागतात. प्रत्येक कळ म्हणजे एक घर, शांततेसाठी रेस्टचे आणि स्वर जोडण्यासाठी लेगाटोचे बटण, आणि १०० घरांपर्यंत जागा. ही पद्धत स्वरलिपीच्या वहीसारखीच आहे, जे लिहिले त्याच क्रमाने वाजते, आणि नवशिक्याला ती लगेच जमते. तिची दुसरी बाजू अशी की मधले एक घर चुकले तर ते सुधारता येत नाही, पहिल्यापासून भरावे लागते. आणि स्वर तेच ठेवून काळ बदलणे तर शक्यच नाही. त्याहून आधीचे, १९७७ चे एमसी-८ दुसऱ्या टोकाचे. तिथे कळांची पट्टी नसून आकड्यांची बटणे आहेत, आणि प्रत्येक स्वरासाठी त्याची उंची, पुढच्या स्वरापर्यंतचा वेळ आणि आवाज उघडा राहण्याचा वेळ हे तीन वेगळे आकडे टाकावे लागतात. सप्तक चढायचे तर उंचीच्या आकड्यात १२ मिळवायचे. हे काम रोजमेळ लिहिल्यासारखे चालते, पण टाय आणि रेस्ट म्हणजे मुळात काय हे इतके उघड दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर दिसत नाही: उघडे राहण्याचा वेळ पुढच्या स्वरापर्यंतच्या वेळेइतका केला की स्वर जोडले जातात, कमी केला की मध्ये शांतता येते.

त्याआधीच्या मूग ९६० सारख्या अॅनालॉग सीक्वेन्सरला स्मृतीच नव्हती. ८ खांबांच्या ३ रांगा, प्रत्येक ठिकाणी एक गोल खटका, आणि तो फिरवून स्वर कानाने लावायचा. एका सप्तकाला १ व्होल्ट या मापाने अर्धा स्वर सुमारे ८३ मिलिव्होल्टचा होतो, पण खटका मधल्या कोणत्याही जागी थांबू शकतो. म्हणून अतिकोमल ऋषभासारखी श्रुती, म्हणजे १२ स्वरांच्या मधला सूक्ष्म स्वर, तिथे लागते. टीबी-३०३ च्या १२ स्वरांत तिला जागा नाही. ज्यांचा जीव श्रुतींत अडकला आहे त्यांनी हे आधीच ओळखून यंत्र निवडावे.

दोन व्यावहारिक सूचना. मूळ टीबी-३०३ ची स्मृती आतल्या सेलवर टिकते. सेल संपले किंवा काढून ठेवले की पॅटर्न पुसले जातात आणि पुन्हा सुरू केल्यावर त्यांच्या जागी वाटेल ते स्वर सापडतात. एका पावसाळ्यात सेल तसेच आत राहून पाझरले आणि माझे दोन वर्षांचे पॅटर्न गेले. वहीत उतरवलेले तेवढे वाचले. तेव्हापासून मी १६ उभ्या घरांची वही आखून ठेवतो, प्रत्येक पानावर स्वरांची ओळ वर आणि काळाची खाली, अॅक्सेंटसाठी स्वरावर लहान फुली. दुसरी सूचना तारेची. तालयंत्राशी जुळवण्यासाठी मागे जे पाच टोकांचे सिंकचे छिद्र आहे त्यात मिडीची, म्हणजे वाद्ये एकमेकांना जोडण्याच्या सर्वमान्य पद्धतीची, तार अगदी नेमकी बसते, पण मिडी १९८३ मध्ये आले आणि हे यंत्र त्याआधीचे आहे. या छिद्रातून फक्त सुरू-बंदचा इशारा आणि ठोक्याला २४ स्पंदने येतात, म्हणजे प्रत्येक घराला ६. मिडीची तार जोडून यंत्र हलत नाही म्हणून ते दुरुस्तीला नेऊ नये. मध्ये मिडीचे सिंकमध्ये रूपांतर करणारी डबी लागते.

शेजारच्या मुलाला खरी गरज होती ती हींच या तालाची, कारण गरब्यात त्रितालाचे काम थोडे. हींच ६ मात्रांची. प्रत्येक मात्रेला २ घरे धरली तर १२ घरे होतात. पॅटर्न न पुसता, फंक्शनचे बटण धरून स्टेपची कळ १२ वेळा दाबावी, म्हणजे पॅटर्न १२ घरांवर येतो. तालयंत्रही १२ घरांवर आणावे, नाहीतर ते १६ वर फिरत राहील आणि दोघांची सम दर ४८ घरांनीच एकत्र येईल. मग टाइम मोडमध्ये ही ओळ भरावी:

● – ● ● ० ● | ● – ● ● – ●

यात ठिपके ८ आहेत. स्वरांच्या ओळीत आधीचे १० तसेच आहेत, यंत्र त्यांतले पहिले ८ घेते आणि ग वर संपवून पुन्हा सा वर येते. नवव्या रे वरील अॅक्सेंट आता कधीच ऐकू येत नाही. चौथ्या स्वरावरील, म्हणजे प वरील, अॅक्सेंट मात्र सहाव्या घरात पडतो आणि टाळी देणाऱ्यांचे पाऊल तिथे अडखळते. पिच मोडमध्ये जाऊन तो प वरून काढावा आणि पाचव्या स्वराला, ग ला, द्यावा, म्हणजे तो सातव्या घरावर, दुसऱ्या विभागाच्या आरंभी येईल.